सर्व्हर नवा केला आणि नेटवर्क गेलं, आता काय?

या खेपेला एकाच विषयावरचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत, राग मानू नका. कारण सरळ आहे. सेंटओएस ७ या सर्व्हरवरच्या लिनक्सचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आणि "चालतंय की, कशाला हात लावायचा" म्हणून ज्यांनी तेव्हा विषय टाळला ते आता एकेक करून मशीन बदलायला लागलेत, आणि बदलल्यावर पहिलं काय बंद पडतं तर नेटवर्क. कमांड मी तोंडानं म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर टाकताना अर्थातच इंग्रजीत टाका.

प्रश्न : सर नमस्कार, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी आयटी बघतो, म्हणजे प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळंच बघतो. जुना सर्व्हर सेंटओएस ७ चा होता. नवीन मशीनवर रॉकी ९ टाकलं आणि जुन्यावरच्या आयएफसीएफजी फाइली (एकेका नेटवर्क कार्डाच्या सेटिंगच्या) त्याच फोल्डरात कॉपी केल्या, कार्डांची नावं तेवढी बदलली. एक कार्ड चाललं, ऑफिसचं नेटवर्क आलं. दुसरं कार्ड शॉपफ्लोअरच्या मशीनींकडं जातं, ते काही केल्या उठत नाही. सिस्टमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्क दिलं तर असं युनिटच नाही म्हणतंय. फाइल तर तीच आहे, जुन्या मशीनवर इतकी वर्षं चालली.

उत्तर : फाइलीला काही झालेलं नाही हो, ती वाचणारा बदललाय. पूर्वी "नेटवर्क" नावाची जी सर्व्हिस होती ती म्हणजे शेल स्क्रिप्टांचा एक गठ्ठा होता. इफअप ही स्क्रिप्ट तुमची आयएफसीएफजी फाइल चक्क शेलमध्ये ओढून घ्यायची आणि मग त्यातल्या आयपी, नेटमास्क, गेटवे बघून एकेक कमांड मारत जायची. सेंटओएस, रॉकी, अल्मा ज्याच्यावर बेतलेत ते रेड हॅट, त्याचं ८ आलं २०१९ मध्ये, तेव्हाच या स्क्रिप्टा बाजूला काढून वेगळं पॅकेज केलं आणि सांगून टाकलं की हे आता जाणार आहे. रेड हॅट ९ मध्ये, म्हणजे २०२२ ला, त्या गेल्याच, आणि रॉकी काय अल्मा काय, त्याच वाटेनं. तुमच्या आयएफसीएफजी फाइली ९ वर चालतात त्या फक्त नेटवर्कमॅनेजरला, म्हणजे आता नेटवर्क सांभाळणाऱ्या सर्व्हिसला, त्या वाचता येतात म्हणून. २०२५ मध्ये आलेल्या १० मध्ये तेही काढलंय, तिथं या फाइली ठेवल्या काय आणि न ठेवल्या काय.

आता तुमचं दुसरं कार्ड. नेटवर्कमॅनेजरशी बोलायची कमांड म्हणजे एनएमसीएलआय, तर एनएमसीएलआय डिव्हाइस एवढंच द्या. पहिल्या कार्डासमोर कनेक्टेड दिसेल, दुसऱ्यासमोर अनमॅनेज्ड असेल आणि शेवटच्या खान्यात दोन डॅश. पैज लावून सांगतो, त्या फाइलीत "एनएम कंट्रोल्ड इज इक्वल टू नो" अशी एक ओळ आहे. ही ओळ कुणी घातली तर आपल्यासारख्यांनीच. सेंटओएस ६ च्या काळात नेटवर्कमॅनेजर म्हणजे लॅपटॉपच्या वायफायसाठीची वस्तू, सर्व्हरवर तो मधेच नाक खुपसतो म्हणून ज्यानं त्यानं ही ओळ टाकायचा सल्ला दिला, मी पण दिलाय, या सदरात नाही पण चहाच्या टपरीवर भरपूर दिलाय. तेव्हा त्याचा अर्थ होता "तू हात लावू नको, जुन्या स्क्रिप्टा बघून घेतील." आता जुन्या स्क्रिप्टाच राहिल्या नाहीत. तो बिचारा सांगितल्याप्रमाणं हात लावत नाही, आणि दुसरं कुणी लावायला उरलेलं नाही.

ओळ काढा, एनएमसीएलआय कनेक्शन रीलोड करा, मग एनएमसीएलआय कनेक्शन अप आणि पुढं कनेक्शनचं नाव. कार्ड उठेल. नाही उठलं तर त्याच फाइलीत एचडब्ल्यूॲडर नावाची ओळ आहे का बघा, तिथं जुन्या कार्डाचा मॅक ॲड्रेस असणार आणि नवीन कार्डाचा तो नाही, मग हे कनेक्शन या कार्डासाठी नाहीच असं धरून नेटवर्कमॅनेजर गप्प बसतो. आणि कुणी हौशी माणसानं फाइलीत शेलचा काही उद्योग केला असेल, म्हणजे आयपीच्या जागी कमांड वगैरे, तर तोही विसरा. नेटवर्कमॅनेजर फाइल वाचतो, चालवत नाही.

चाललं की तिथंच थांबू नका. फाइलींची कॉपी बाजूला ठेवून एनएमसीएलआय कनेक्शन मायग्रेट द्या, ९ च्या पहिल्या एक-दोन रिलीज सोडल्या तर ही कमांड असते. सगळी आयएफसीएफजी कनेक्शनं नव्या कीफाइल फॉरमॅटमध्ये जातात आणि इटीसी खाली नेटवर्कमॅनेजर, त्यात सिस्टम-कनेक्शन्स, या फोल्डरात बसतात. उघडून बघा एकदा, घाबरण्यासारखं काही नाही. चौकटी कंसात कनेक्शन, इथरनेट, आयपीव्ही४ असे भाग आणि आयपीव्ही४ खाली ॲड्रेस१ समोर १९२.१६८.१०.५/२४ असं लिहिलेलं. नेटमास्कच्या २५५ च्या माळा गेल्या, स्लॅश २४ मध्ये काम झालं. एकच पथ्य, फाइलीचा मालक रूट, म्हणजे ॲडमिन युजर, पाहिजे आणि परमिशन ६००, म्हणजे फक्त मालकानं वाचायची-लिहायची. पेनड्राइव्हवरनं आणून टाकली आणि ६४४ राहिली तर नेटवर्कमॅनेजर तिच्याकडं बघत पण नाही, लॉगमध्ये एक ओळ टाकतो आणि पुढं जातो, आणि आपण तासभर आयपी तपासत बसतो.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते सांगतो, कारण खरी मेख तिथं आहे. जुनं मशीन अजून फॉरमॅट केलं नसेल तर करू नका. ते चालू करा आणि तीन कमांडचं आउटपुट फाइलीत घ्या : आयपी ॲडर, आयपी रूल, आणि आयपी रूट शो टेबल ऑल. हे म्हणजे मशीन आत्ता खरोखर काय करतंय ते. मग आयएफसीएफजी फाइली घेऊन बसा आणि एकेक ओळ टिक करा, हा पत्ता या फाइलीतनं आला, हा रूट (म्हणजे कुठल्या नेटवर्ककडं कुठनं जायचं तो रस्ता) त्या फाइलीतनं आला. शेवटी दोन-तीन गोष्टी अशा उरतात की कुठल्याच फाइलीत सापडत नाहीत. त्या शोधा. एक असते आरसी डॉट लोकलमध्ये, म्हणजे बूटला चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, रूट ॲड म्हणून लिहिलेली, चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसानं. एखादी इटीसी खालच्या रूट-डॅश फाइलीत असते पण त्या फाइलीचं नाव कार्डाच्या नव्या नावाशी जुळत नाही. एखादी क्रॉनमध्ये पण निघते, दर पाच मिनिटांनी तोच रूट परत टाकणारी, म्हणजे कधीतरी तो रूट उडत होता आणि का उडतोय ते शोधायच्याऐवजी हा उपाय केला. नुसत्या फाइली इकडनं तिकडं नेल्या तर हे सगळं जुन्या डिस्कवरच राहतं आणि महिन्याभरानं कुणीतरी विचारतं की शॉपवरचा अमुक मशीन का दिसत नाही.

सापडलेला रूट आरसी डॉट लोकलमध्ये परत टाकू नका (तसंही ती फाइल एक्झिक्युटेबल नसली तर चालत नाही, आणि नव्या मशीनवर ती बहुतेक एक्झिक्युटेबल नसतेच). प्रोफाइलमध्येच, म्हणजे त्या कनेक्शनच्या सेटिंगमध्येच घाला : एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय, कनेक्शनचं नाव, मग अधिक चिन्ह लावून आयपीव्ही४ डॉट रूट्स, आणि अवतरणात नेटवर्क, जागा सोडून गेटवे. अधिक चिन्ह विसरलात तर आधीचे सगळे रूट जाऊन हा एकटा राहतो, तेवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : नवीन सर्व्हरवर इफकॉन्फिग कमांडच नाही. इन्स्टॉल करून घेऊ का? — एक वाचक, गांधीनगर

उत्तर : घ्या, नेट-टूल्स नावाचं पॅकेज आहे, पण सवय सोडा. डेबियननं २०१७ च्या ९ व्या आवृत्तीपासनंच ती आपसूक यायची बंद केलीय. आयपी डॅश बीआर ॲडर टाका, एका ओळीत एक कार्ड, इफकॉन्फिगपेक्षा वाचायला सोपं.

आणि सवय सोडा म्हणतो ते हौस म्हणून नाही. तुमच्याच गांधीनगरात एका होलसेल कापडाच्या दुकानात बिलिंग मधनंच अडकायचं, रोज नाही, दिवसातनं दोनदा-तीनदा. आयपी कॉन्फ्लिक्ट वाटत होता म्हणून सगळ्या मशीनवर इफकॉन्फिग मारून वहीत पत्ते लिहिले, एकही डबल नाही. मग सर्व्हरवर सहज आयपी ॲडर मारलं तर त्याच कार्डावर खाली दुसरा पत्ता, सेकंडरी म्हणून, आणि तोच पत्ता मालकांच्या केबिनमधल्या प्रिंटरला. आयपी कमांडनं लेबल न देता दुसरा पत्ता घातला तर इफकॉन्फिगला तो दिसतच नाही. त्याला फक्त पहिला दिसतो, किंवा जुन्या पद्धतीचे ईटीएच० कोलन १ असे नाव दिलेले. म्हणजे इफकॉन्फिग खोटं बोलत नाही पण अर्धंच सांगतं.

प्रश्न : दादा, उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. सर्व्हर अल्मा ९ वर नेला, सगळं छान चाललंय पण लाइट गेली की घोळ होतो. सर्व्हरला यूपीएस आहे, तो बंद पडत नाही, तरी रात्रीचं स्टॉकचं जॉब फेल जातं, डेटाबेस सापडत नाही म्हणून. डेटाबेस त्याच मशीनवर आहे! जुन्या सर्व्हरवर असं कधीच झालं नाही. लाइट आली की आपोआप सगळं नीट.

उत्तर : यूपीएस सर्व्हरला आहे, स्विचला आहे का? नसणार. कोपऱ्यात भिंतीवर टांगलेला आठ पोर्टचा स्विच, त्याचा ॲडॅप्टर ट्यूबलाइटच्या बोर्डात, हे चित्र मला इथं बसून दिसतंय.

लाइट गेली की स्विच मेला, म्हणजे सर्व्हरच्या कार्डाला केबल असून समोर कुणी नाही, कॅरियर, म्हणजे समोरनं येणारा सिग्नल, गेला. जुन्या स्क्रिप्टांना याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांनी बूट होताना एकदा आयपी लावला की काम संपलं, केबल काढा नाही तर कापून टाका, पत्ता कार्डावर तसाच. नेटवर्कमॅनेजर मात्र सतत लक्ष ठेवून असतो. कॅरियर गेला की तो काही सेकंद वाट बघतो आणि मग कनेक्शन खाली घेतो, त्याबरोबर आयपी पण काढून टाकतो. लॅपटॉपसाठी हे बरोबरच आहे. तुमचं जॉब डेटाबेसशी कुठल्या पत्त्यावर बोलतंय बघा, १९२.१६८ वाला सर्व्हरचाच पत्ता कॉन्फिगमध्ये लिहिलेला असेल. तो पत्ता त्या वेळी मशीनवरच नाही, मग स्वतःच स्वतःला सापडणार कसं. लाइट आली, स्विच उठला, पत्ता परत आला, सगळं नीट, आणि सकाळी येऊन बघणाऱ्याला काहीच पुरावा नाही.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करा. नेटवर्कमॅनेजर-कॉन्फिग-सर्व्हर नावाचं छोटंसं पॅकेज आहे, डीएनएफनं (पॅकेज टाकायची कमांड) टाका. त्यात फक्त एक कॉन्फिग फाइल असते आणि तिच्यात इग्नोर-कॅरियर स्टार लिहिलेलं असतं, म्हणजे कुठल्याही कार्डाचा कॅरियर गेला तरी कनेक्शन खाली घेऊ नको. त्याच फाइलीत नो-ऑटो-डिफॉल्ट पण असतं, म्हणजे प्रोफाइल नसलेल्या कार्डावर तो आपल्या मनानं डीएचसीपी लावत बसत नाही, हेही सर्व्हरवर पाहिजेच. पॅकेज टाकल्यावर नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा, आणि मग दिवसाढवळ्या, माणसं असताना, स्विचची पिन काढून आयपी ॲडर बघा, पत्ता राहिला पाहिजे. दुसरं म्हणजे जॉबच्या कॉन्फिगमध्ये १२७.०.०.१ घाला, मशीनला स्वतःशी बोलायला स्विचची गरज पडायलाच नको. तिसरं सांगायचं तर स्विचला पण यूपीएसमधनं एक पिन द्या की राव, हजार-दोन हजाराच्या डब्यापायी रात्रीचं काम अडतंय.

प्रश्न : मी राजारामपुरीत वेबसाइट होस्टिंगचं छोटं काम करते. माझे सर्व्हर उबंटूवर आहेत. एक जुना १६.०४ चा अपग्रेड करत करत वर आणला, त्यावर नेटवर्कची जुनी इंटरफेसेस फाइल अजून चालतेय. नव्या सर्व्हरवर मात्र नेटवर्कच्या सेटिंगसाठी नेटप्लॅन आहे, तिथं फाइल लिहिली की कधी एरर, कधी वॉर्निंग, आणि एकदा नीट चाललं तर रीबूट केल्यावर माझे बदल गायब. नेटप्लॅन काढून जुनी पद्धत टाकू का?

उत्तर : ताई, काढू नका. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्यात, एकेक सोडवू.

जुना सर्व्हर का चालतोय तर उबंटूनं २०१७ च्या १७.१० पासनं नवीन इन्स्टॉलला नेटप्लॅन दिलं, पण जे अपग्रेड होऊन वर आले त्यांची जुनी इफअपडाउनची, म्हणजे इंटरफेसेस फाइलीची, मांडणी मोडली नाही. तो तसाच राहू द्या किंवा सवडीनं बदला, फक्त एकाच कार्डाला इंटरफेसेस फाइलीत पण आणि नेटप्लॅनमध्ये पण लिहून ठेवू नका. एका म्हशीला दोन गवळी झाले की दोघंही वेळेवर येत नाहीत.

एरर येतो तो बहुतेक टॅबचा. नेटप्लॅनची फाइल यामल फॉरमॅटची असते, तिच्यात टॅब चालत नाही, स्पेसच पाहिजेत, आणि प्रत्येक पातळीला सारख्या. नेटवर्क, दोन स्पेस आत इथरनेट्स, अजून दोन आत कार्डाचं नाव, अजून दोन आत ॲड्रेसेस. एक स्पेस इकडं तिकडं झाली की तो ओळ नंबर सांगून अडतो, आणि नंबर कधीकधी पुढच्या ओळीचा असतो म्हणून वरची ओळ पण बघा. वॉर्निंग येते ती गेटवे४ ची असणार, नेटवर सापडणाऱ्या जुन्या उदाहरणांत सगळीकडं तेच आहे. आता त्याच्याऐवजी रूट्स लिहायचं, त्याखाली एक डॅश, टू समोर डिफॉल्ट आणि व्हाया समोर गेटवेचा पत्ता. दुसरी वॉर्निंग परमिशनची असेल, फाइल ६०० करा, विषय संपला.

बदल गायब होतात त्याला जबाबदार क्लाउड-इनिट, म्हणजे बूट होताना मशीनच्या सेटिंगा आपोआप लावणारा प्रोग्राम. तुम्ही ५०-क्लाउड-इनिट नावाचीच फाइल एडिट केली असणार, तिच्या डोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की इथले बदल टिकणार नाहीत, पण डोक्यावरचं कोण वाचतंय. इटीसी खाली क्लाउड, त्यात क्लाउड डॉट सीएफजी डॉट डी, तिथं ९९ नं सुरू होणारी एक फाइल करा आणि त्यात नेटवर्क कोलन, महिरपी कंसात कॉन्फिग कोलन डिसेबल्ड, एवढी एकच ओळ. मग नेटप्लॅनच्या फोल्डरात आपल्या नावाची फाइल करा आणि ती ५० वाली बाजूला काढा.

नेटप्लॅन मला आवडतो तो एका कमांडसाठी, नेटप्लॅन ट्राय. नवीन कॉन्फिग लागतं आणि १२० सेकंदांचा काउंटडाउन सुरू होतो, तेवढ्यात एंटर दाबलं तर कायम, नाही दाबलं तर जुनं परत. तुमचा एसएसएच, म्हणजे लांबनं केलेलं लॉगिन, तुटला तर एंटर दाबायला तुम्ही नाहीच, म्हणजे दोन मिनिटं चहा घ्यायचा आणि परत लॉगिन. बाँड आणि ब्रिजच्या सेटिंगा मात्र तो धड परत घेऊ शकत नाही, तिथं त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : मी पुण्यात, सर्व्हर कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत. रेड हॅटवाल्या मशीनवर नेटप्लॅन ट्राय सारखं काही आहे का? लांबनं आयपी बदलायचाय, फार भीती वाटते.

उत्तर : भीती वाटते ते चांगलंय, मला वाटली नव्हती.

जुलै २०२१, पंचगंगा पात्राबाहेर, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आणि वाहतूक बंद. मी घरात, ज्या सर्व्हरवर काम करत होतो तो पाण्याच्या पलीकडं. एक छोटा बदल करायचा होता, आयएफसीएफजी फाइलीत केला, सेव्ह न करता आधी कार्ड खाली घेऊ म्हणून इफडाउन ईटीएच० मारलं, आणि मग इफअप टाइप करायला गेलो. आय उमटेना. एफ उमटेना. साधारण चार सेकंदांनी डोक्यात प्रकाश पडला की ज्या फांदीवर बसलोय तीच कापली. शेवटी तिथं पाण्यामुळं अडकून पडलेल्या वॉचमन मामांना फोन केला, ते म्हणाले साहेब दोन डबे आहेत, एकाला निळी लाइट आणि एकाला हिरवी, कुठला दाबू? हिरवा म्हणालो. हिरवा एनव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचा रेकॉर्डर होता. दुसऱ्या फोनला निळा दाबला, मशीन परत उठलं, फाइल सेव्ह झालीच नव्हती म्हणून जुन्या आयपीवर उठलं. त्या दिवशी मामांना जेवायला बोलावलं ते पाणी उतरल्यावर येऊन तांबडा-पांढरा चापून गेले.

तर तुमच्यासाठी. नेटवर्कमॅनेजरमध्ये एक चांगली गोष्ट अशी की मॉडिफाय केलं म्हणजे लगेच लागू होत नाही, प्रोफाइल बदलतं फक्त. लागू होतं ते कनेक्शन अप किंवा डिव्हाइस रीॲप्लाय दिल्यावर, आणि रीॲप्लाय कार्ड खाली न घेता जेवढं बदललंय तेवढंच लावायचा प्रयत्न करतो, रूट किंवा डीएनएससाठी तोच वापरा. आयपीच बदलायचा असेल तर असं करा. आधी शटडाउन डॅश आर अधिक १०, म्हणजे दहा मिनिटांनी रीबूट. मग मॉडिफायला डॅश-डॅश-टेंपररी लावून नवीन आयपी आणि गेटवे द्या, म्हणजे बदल फक्त मेमरीत, डिस्कवरची फाइल तशीच. मग कनेक्शन अप. एसएसएच तुटणारच, आयपी बदललाय. नव्या आयपीवर लॉगिन झालं तर पहिलं काम शटडाउन डॅश सी, रीबूट रद्द, आणि मग तीच मॉडिफायची कमांड टेंपररी न लावता. लॉगिन नाही झालं तर गप्प बसा, दहा मिनिटांनी मशीन आपणहून रीबूट होऊन जुन्या आयपीवर येईल. हे सगळं टीमक्समध्ये (लाइन तुटली तरी सर्व्हरवर चालू राहणारं टर्मिनल) करा म्हणजे मधेच लाइन तुटली तरी अर्धी कमांड लटकत नाही. आणि त्याआधी एकदा, आयुष्यात एकदाच, साधा रीबूट करून मशीन स्वतःहून नीट उठतंय ना बघून घ्या. वर्षभर रीबूट न झालेल्या सर्व्हरवर ही युक्ती म्हणजे दुसरा जुगार. सर्व्हरला आयलो किंवा आयड्रॅक, म्हणजे लांबनं मशीन चालू-बंद करायचा वेगळा पोर्ट असेल तर त्याची केबल लावलेली आहे का ते कागलच्या माणसाला बघायला सांगा, निम्म्या ठिकाणी पोर्ट रिकामा असतो.

प्रश्न : साखर कारखान्यात आहे. वजनकाट्याच्या सर्व्हरवर इफअप-लोकल मध्ये आमची एक स्क्रिप्ट होती, कार्ड वर आलं की चालायची. नव्या सिस्टीमवर ती चालतच नाही. शिवाय काट्याची सर्व्हिस बूटला फेल जाते, हातानं स्टार्ट केली की लगेच चालते.

उत्तर : इफअप-लोकल जुन्या स्क्रिप्टांबरोबर गेलं. आता इटीसी खालच्या नेटवर्कमॅनेजरमध्ये डिस्पॅचर डॉट डी फोल्डर आहे, तिथं स्क्रिप्ट ठेवा. मालक रूट, एक्झिक्युटेबल, आणि ग्रुपला किंवा इतरांना लिहायची परवानगी नको, ७७५ केलीत तर तो ती चालवणार नाही. होम फोल्डरातनं एमव्ही करून आणली असेल तर रीस्टोरकॉन मारा, नाही तर एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेचं लेबल जुनंच राहतं. स्क्रिप्टला दोन गोष्टी मिळतात, पहिली कार्डाचं नाव, दुसरी काय घडलं ते, अप किंवा डाउन वगैरे. म्हणून वर पहिल्याच ओळीत तपासून घ्या की आपलं कार्ड आणि अप असेल तरच पुढं जा. जुनी स्क्रिप्ट इफअप झालं तेव्हाच चालायची, म्हणजे बहुतेक बूटलाच, ही दर वेळी कनेक्शन वर आलं की चालते, दोनदा चालली तरी बिघडणार नाही अशी लिहा. आणि त्यात नुसता रूट टाकत असाल तर स्क्रिप्टच नको, प्रोफाइलमध्ये घाला, पहिल्या उत्तरात सांगितलंय.

बूटचं कारण वेगळं. जुनी नेटवर्क सर्व्हिस आयपी लागेपर्यंत पुढच्यांना थांबवून धरायची, आणि तुमची काट्याची सर्व्हिस त्या एकाच आयपीवर ऐकत बसणारी असेल. आता युनिट फाइलीत नुसतं आफ्टर नेटवर्क डॉट टार्गेट असेल तर त्याचा अर्थ नेटवर्कमॅनेजर सुरू झाला एवढाच, आयपी लागला असा नाही. त्याच्या जागी नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट पाहिजे, आणि आफ्टर बरोबर वॉन्ट्स मध्ये पण, नुसत्या आफ्टरनं ते टार्गेट ओढलं जात नाही. नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन ही सर्व्हिस एनेबल आहे ना तेही बघा, "बूट हळू होतंय" म्हणून कुणीतरी ती बंद केलेली असते. आयपीव्ही६ चालू असेल तर आयपीव्ही४ डॉट मे-फेल नो करा, म्हणजे आयपीव्ही४ लागल्याशिवाय कनेक्शन झालं असं तो समजणार नाही.

आणि हे गळीत सुरू व्हायच्या आत उरका. एकदा ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर गेली आणि तुम्ही काट्याचा कॉम्प्युटर रीबूट करतो म्हणालात तर ड्रायव्हर तुमचंच वजन करून पावती फाडतील.